पार्थेनॉनच्या आधीचा ग्रीस: नव्याने वाचणाऱ्यांसाठी वाटाड्या

प्राचीन ग्रीस म्हटलं की अथेन्सचं पार्थेनॉन मंदिर, सॉक्रेटिस आणि अलेक्झांडर एवढीच नावं चटकन आठवतात. ही सगळी इ.स.पू. पाचव्या आणि चौथ्या शतकातली. त्याच्या आधी ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधल्या एजियन समुद्राभोवती अडीच हजार वर्षांहून अधिक काळ माणसं शेती, व्यापार, लढाया, कलाकुसर करत होती. राजवाडे उभे राहिले आणि जळाले. लिहिण्याची कला आली, पार विसरली गेली आणि काही शतकांनी वेगळ्याच लिपीतून परत आली. हा आधीचा भाग वगळून थेट सॉक्रेटिसकडे गेलात तर तो समाज आभाळातून पडल्यासारखा वाटतो. म्हणून सुरुवात इथून करा, असं मी आग्रहाने सांगेन.

या काळाची अडचण अशी की त्याबद्दल गोष्टी भरपूर आणि पुरावे विखुरलेले. मिनॉस राजा, मिनोटॉर, ट्रॉयचं युद्ध हे सगळं इतकं रंगतदार आहे की आपण इतिहास वाचतोय की पुराण, हे कळेनासं होतं. त्यावर एकच उपाय आहे: प्रत्येक विधानाला ‘हे कशावरून?’ असं विचारायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नावर उभ्या आहेत.

पायरी १: वहीत तीन रकाने आखा

पहिल्या रकान्यात जमिनीतून निघालेली वस्तू. दुसऱ्यात त्याच काळात लिहिला गेलेला मजकूर. तिसऱ्यात नंतरच्या ग्रीकांनी सांगितलेली गोष्ट. जे काही वाचाल ते यांपैकी कुठे बसतं ते ठरवा.

लगेच एक सराव करू. हाइनरिक श्लीमान या जर्मन व्यापाऱ्याने १८७६ मध्ये दक्षिण ग्रीसमधल्या मायसीनी इथे खोदकाम केलं. होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या काव्यातला राजा अगामेम्नॉन इथलाच, अशी त्याची श्रद्धा होती. खोल थडग्यांत त्याला सोन्याचे मुखवटे सापडले आणि त्यांतला एक ‘अगामेम्नॉनचा मुखवटा’ म्हणून जगभर गाजला. आता रकाने भरा. मुखवटा पहिल्या रकान्यात, तो खरा आहे. अगामेम्नॉन तिसऱ्या रकान्यात. दोघांना जोडणारं काहीही दुसऱ्या रकान्यात नाही. शिवाय ती थडगी इ.स.पू. सोळाव्या शतकातली ठरली आहेत. ट्रॉयचं युद्ध ज्या काळात झालं असं प्राचीन ग्रीक मानत, त्याच्या तीनेकशे वर्षं आधीची. म्हणजे मुखवट्यामागचा माणूस कुणी मोठा सरदार नक्की असेल, पण त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. एवढं वेगळं करता आलं की निम्मं काम झालं.

पायरी २: तारखांची भीती घालवा

इ.स.पू. मोजताना मोठा आकडा म्हणजे जुना काळ. ‘इ.स.पू. आठवं शतक’ म्हणजे ८०० ते ७०१. ही उलटी मोजणी एकदा अंगवळणी पडली की मग अडत नाही. शेकडो सनावळ्या पाठ करू नका. सुरुवातीला हे सहा खुंट पुरे:

- सुमारे ३०००: एजियन समुद्रातल्या सिक्लाडीस बेटांवरची संस्कृती
- सुमारे १९००: क्रीट बेटावरचे पहिले राजवाडे
- सुमारे १४५०: क्रीटमधल्या बहुतेक राजवाड्यांचा नाश
- सुमारे १२००: मुख्य भूमीवरच्या मायसीनी राजवाड्यांचा शेवट
- ७७६: ऑलिंपिक खेळांची परंपरेने मानलेली सुरुवात
- ४८०: इराणी फौजांनी अथेन्स जाळलं ते वर्ष

आपल्याकडच्या ओळखीच्या गोष्टी शेजारी लिहून ठेवल्या तर काळ चटकन लक्षात राहतो. सिक्लाडीस संस्कृतीच्या भराच्या काळातच हडप्पा आणि मोहेंजोदडो ही नगरं वसलेली होती. मायसीनीत सोन्याचे मुखवटे पुरले जात होते, त्या सुमारास पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती सुरू झाली होती. आणि कार्ल्याच्या लेण्यात खांबांचं दान देणारे जे यवन (ग्रीक) शिलालेखांत भेटतात, ते यानंतर दीड हजार वर्षांहून अधिक काळाने आलेले. त्यांना या काळात मिसळू नका.

पायरी ३: नकाशा समोर ठेवा आणि समुद्राकडे बघा

ग्रीसची जमीन डोंगराळ आहे, सपाट सुपीक पट्टे थोडे आणि एकमेकांपासून तुटलेले. समुद्र मात्र बेटांनी भरलेला. एका बेटावरून पुढचं दिसतं, तिथून त्याच्या पुढचं. त्यामुळे डोंगर ओलांडण्यापेक्षा होडीने जाणं सोपं पडे. मिलोस बेटावरची काळी ज्वालामुखी काच, जिची धारदार पाती बनत, ती मुख्य भूमीवरच्या फ्रांख्थी गुहेत सापडली आहे, आणि तीही शेती सुरू होण्याच्या आधीच्या थरांत. म्हणजे दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लोक त्या समुद्रात ये-जा करत होते. नकाशावर क्रीट, थीरा (आजचं सँतोरिनी), मिलोस, नॅक्सॉस, मायसीनी, पायलॉस, अथेन्स, युबिया आणि आशिया मायनरचा (आजच्या तुर्कस्तानचा) किनारा एवढ्या जागा खुणा करून ठेवा.

पायरी ४: सिक्लाडीसच्या मूर्ती, थोडक्यात

नॅक्सॉस, पॅरॉस, केरोस या बेटांवर इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात संगमरवराच्या मूर्ती घडत होत्या. बहुतेक स्त्रियांच्या, हात पोटावर घडी घातलेले, चेहऱ्यावर फक्त नाक. आज पांढऱ्याशुभ्र दिसतात, पण त्यांवर डोळे, केस, दागिने रंगवलेले असत. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांना त्या इतक्या आवडल्या की थडगी चोरून उकरली गेली. त्यामुळे कित्येक मूर्ती कुठे, कुणाशेजारी, कशा ठेवल्या होत्या हे आता कधीच कळणार नाही. वस्तू वाचली तरी तिची जागा हरवली की अर्धी माहिती मरते. मला याचं फार वाईट वाटतं, आणि पुरातत्त्व म्हणजे खजिना शोधणं नव्हे हे नवख्याला इथेच कळावं.

पायरी ५: क्रीट, आणि आर्थर एव्हान्सपासून सावध अंतर

क्रीटमधल्या क्नोसोसचं पहिलं खोदकाम १८७८ मध्ये मिनॉस कालोकाइरिनोस या स्थानिक माणसाने केलं. १९०० पासून आर्थर एव्हान्स या इंग्रज संशोधकाने तिथे मोठं उत्खनन केलं आणि पुराणातल्या मिनॉस राजावरून या संस्कृतीचं ‘मिनोअन’ हे नाव रूढ केलं. ते लोक स्वतःला काय म्हणत, हे त्यात कुठेच नाही.

क्नोसोस, फायस्तोस, मालिया, झाक्रोस हे मोठे राजवाडे. मधोमध लांबट अंगण, भोवती कोठारं, कारागिरांच्या खोल्या, पूजेच्या जागा, मजले, जिने. ‘राजवाडा’ म्हटलं तरी ते धान्य-तेल साठवण्याचं, वाटण्याचं आणि हिशेबाचं केंद्र होतं असं समजा. पहिले वाडे इ.स.पू. सुमारे १७०० मध्ये कोसळले, बहुधा भूकंपाने, आणि त्याच जागी अधिक भव्य बांधले गेले. फक्त वाडे बघून थांबू नका. हॅरिएट बॉइड या अमेरिकन पुरातत्त्वज्ञ बाईंनी १९०१ ते १९०४ दरम्यान गुर्निया हे गाव उकरलं. तिथल्या अरुंद दगडी गल्ल्या, लहान घरं आणि कारागिरांची हत्यारं पाहिल्याशिवाय क्रीटचा सामान्य माणूस दिसत नाही.

एव्हान्सबद्दल सावध राहायचं ते दोन कारणांनी. एक, त्याने क्नोसोसचे मजले आणि लाल खांब सिमेंट-काँक्रीट घालून पुन्हा उभे केले. आज तिथे फोटोत जे सुंदर दिसतं त्यातलं बरंचसं विसाव्या शतकातलं आहे. भित्तिचित्रंही मूठभर तुकड्यांवरून पुरी केलेली आहेत. ‘लिलींचा राजपुत्र’ म्हणून प्रसिद्ध असलेलं चित्र वेगवेगळ्या आकृत्यांचे तुकडे जोडून बनलं असावं, असं अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे. चित्र बघताना मूळ तुकडा कोणता आणि भर कोणती हे शोधा. जवळून फरक दिसतो. दुसरं कारण, ‘मिनोअन लोक शांतताप्रिय होते’ हा समज त्याच्यामुळे पसरला. मालियाच्या वाड्यात लांब तलवारी सापडल्या आहेत. कशावरून, हा प्रश्न इथेही विचारा.

क्रीटची लिनिअर ए लिपी अजून वाचता आलेली नाही. फायस्तोसची तबकडी (१९०८ मध्ये सापडली) वाचल्याचे दावे दर काही वर्षांनी होतात. एकच तबकडी, त्या लिपीत दुसरा मोठा मजकूर नाही, त्यामुळे कुणाचाही दावा तपासता येत नाही. त्यात नवख्याने वेळ घालवू नये.

क्रीटबरोबरच थीरा बेटावरचं आक्रोतिरी बघा. इ.स.पू. १६०० ते १५०० च्या दरम्यान तिथे प्रचंड ज्वालामुखी उद्रेक झाला (नेमक्या वर्षाबद्दल मतभेद आहेत) आणि अख्खं गाव राखेखाली गेलं. स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये तिथे खोदायला घेतलं. दोन-तीन मजली घरं, सांडपाण्याच्या नाल्या, केशर वेचणाऱ्या मुली, मासे घेऊन उभा कोळी मुलगा, उडणाऱ्या पाकोळ्या, सगळं भिंतींवर. माणसांचे सांगाडे मात्र मिळाले नाहीत. आधीच्या भूकंपांनी सावध होऊन लोक निघून गेले असावेत. तिथल्या एका भित्तिचित्रातली माकडं भारतीय वानरांसारखी, म्हणजे आपल्याकडच्या लांब शेपटीच्या काळतोंड्या वानरांसारखी आहेत, असं अलीकडे काही संशोधकांनी सुचवलं आहे. सगळ्यांनी ते मान्य केलेलं नाही, पण दूरच्या व्यापाराचा विचार करायला ते चांगलं निमित्त आहे.

पायरी ६: मायसीनी, आणि हिशेबाच्या मातीच्या पाट्या

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. या टप्प्यावर दुसरा रकाना पहिल्यांदा भरायला लागतो.

मुख्य भूमीवर सुमारे १६०० पासून मायसीनी, टिरिन्स, पायलॉस, थीब्ज अशी केंद्रं बळावली. आधी थडगी श्रीमंत झाली: सोनं, तलवारी, थेट बाल्टिक समुद्राकडून आलेला अंबर. मग तटबंदी आली. मायसीनीचा सिंहद्वाराचा भाग सुमारे १२५० चा. तटाचे दगड इतके अजस्र की पुढच्या ग्रीकांना ते एकडोळ्या राक्षसांनी रचले असं वाटलं (तिसरा रकाना!). जवळच्या ‘अट्रिअसचा खजिना’ नावाच्या घुमटाकार थडग्याच्या दारावरची एक शिळाच सुमारे १२० टनांची आहे. खजिना नव्हे, ते थडगं आहे. नावाला फसू नका.

क्रीटमधले बहुतेक वाडे सुमारे १४५० मध्ये जळाले. त्यानंतर क्नोसोसमध्ये हिशेब वेगळ्या लिपीत दिसू लागतात. ही लिनिअर बी. एव्हान्सला वाटे की भाषा मिनोअनच आहे. मग १९३९ मध्ये कार्ल ब्लेगन यांना पायलॉसला याच लिपीतल्या शेकडो पाट्या सापडल्या. उलगडा कसा झाला, हे तपशिलात वाचा, कारण पुरावा कसा उभा राहतो याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही. लिपीत सुमारे ८७ ध्वनिचिन्हं होती. मुळाक्षरांसाठी फार आणि चित्रलिपीसाठी फार थोडी, म्हणजे प्रत्येक चिन्ह एक अक्षर असणार, को, नो, सो असं. देवनागरी वाचणाऱ्याला हे समजायला क्षणही लागत नाही. ॲलिस कोबर या अमेरिकन प्राध्यापिकेने काही शब्दांचा पुढचा भाग सारखा आणि शेवट बदलता आहे, म्हणजे भाषेत विभक्तीसारखे प्रत्यय आहेत, हे दाखवून दिलं. १९५० मध्ये त्या वारल्या. मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुरचनाकाराने त्याच वाटेने पुढे जाऊन चिन्हांचे तक्ते मांडले आणि क्रीटच्या गावांची नावं बसवून पाहिली: को-नो-सो, आ-मि-नि-सो. इतर शब्द उलगडत गेले आणि १९५२ मध्ये त्याने जाहीर केलं की ही भाषा ग्रीक आहे. त्याची स्वतःची अपेक्षाही तशी नव्हती. पुढच्या वर्षी ब्लेगन यांनी पायलॉसची एक पाटी या किल्लीने वाचून पाहिली. ‘ति-रि-पो’ शब्दापुढे तीन पायांच्या भांड्याचं चित्र, ‘चार कानांचं’ या शब्दापुढे चार कानांचं भांडं, ‘बिनकानांचं’ यापुढे साधं. शंकेला फारशी जागा उरली नाही. व्हेंट्रिस १९५६ मध्ये ३४ व्या वर्षी मोटार अपघातात गेला.

या पाट्यांत काव्य नाही, लढाया नाहीत, कायदे नाहीत. पेशवे दफ्तरातल्या हिशेबांची ज्यांना चटक आहे त्यांना इथे लगेच घरच्यासारखं वाटेल. क्नोसोसच्या पाट्यांत सुमारे एक लाख मेंढ्यांची मोजदाद आहे. पायलॉसला कापडकाम करणाऱ्या बायका आणि त्यांची मुलं नोंदली आहेत, त्यांना मिळणारा गहू आणि अंजिरं यांसकट. काही बायकांच्या गटांना मिलेटस, निडोस, लेम्नोस अशा समुद्रापलीकडच्या ठिकाणांची नावं आहेत. त्या बहुधा धरून किंवा विकत आणलेल्या. राजाला ‘वानाक्स’ म्हणत. झ्यूस, हेरा, पोसायडन, डायोनिसस ही देवतांची नावं इथेच भेटतात. पाट्या कच्च्या मातीच्या होत्या, चालू वर्षाच्या नोंदी झाल्या की मोडून टाकायच्या. वाडा जळाला त्या आगीत त्या भाजल्या गेल्या, म्हणून टिकल्या. म्हणजे आपल्याला दिसतं ते फक्त शेवटचं वर्ष.

मिनोअन आणि मायसीनी लोक कोण, हा प्रश्न पडेलच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात दोघंही बऱ्याच अंशी एजियन आणि पश्चिम ॲनाटोलियातल्या (म्हणजे आशिया मायनरमधल्या) जुन्या शेतकऱ्यांचे वंशज असल्याचं दिसलं. मायसीनी लोकांत उत्तरेकडच्या वंशाची काही भर होती.

पायरी ७: पडझड, आणि ‘अंधारयुग’ या नावाची पारख

इ.स.पू. १२०० च्या आसपास पायलॉस जळालं आणि परत बांधलं गेलं नाही. मायसीनी, टिरिन्स खिळखिळे झाले. ॲनाटोलियातलं हित्ती साम्राज्य याच सुमारास संपलं. पायलॉसच्या काही पाट्यांत किनाऱ्यावर पहारेकरी नेमल्याची नोंद आहे, पण ती संकटाची चाहूल की नेहमीची व्यवस्था, हे त्यावरून ठरत नाही. जुन्या पुस्तकांत ‘डोरियन टोळ्यांनी (उत्तरेकडच्या ग्रीकभाषी लोकांनी) आक्रमण केलं’ असं ठोकून दिलेलं आढळेल. अशा एका मोठ्या आक्रमणाचा स्पष्ट माग जमिनीत मिळत नाही. भूकंप, दुष्काळ, अंतर्गत बंडं, तुटलेला व्यापार, समुद्री हल्ले यांतल्या अनेक गोष्टी एकत्र आल्या असाव्यात. एकाच कारणावर बोट ठेवणाऱ्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका.

मग लिहिणं थांबलं. वाड्यासाठी हिशेब लिहिणारे थोडे कारकूनच ती लिपी जाणत होते. वाडा गेला तशी लिपी गेली. पुढच्या सुमारे चार शतकांतलं लेखन मुख्य भूमीवर सापडत नाही आणि म्हणून याला अंधारयुग म्हणायची पद्धत पडली. पण युबिया बेटावरच्या लेफ्कांडीला १९८०-८१ मध्ये इ.स.पू. सुमारे ९५० चं एक बांधकाम उघडं पडलं. सुमारे ५० मीटर लांब! आत सायप्रसहून आलेल्या काशाच्या भांड्यात एका पुरुषाची रक्षा, शेजारी सोन्याने मढलेली एक स्त्री आणि दुसऱ्या खड्ड्यात चार घोडे. ज्या काळात ग्रीक दरिद्री आणि जगापासून तुटलेले होते असं सांगितलं जाई, त्या काळातली ही गोष्ट आहे. तेव्हा ‘आपल्याला कमी दिसतं’ असं म्हणा.

पायरी ८: मडकी ओळखायला शिका

पुस्तक बाजूला ठेवून डोळ्यांनी शिकायची ही पायरी. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरचे फोटो उघडा आणि सुमारे १०५० पासूनच्या भांड्यांचा क्रम लावा. आधी कंपासने काढलेली नेटकी समकेंद्री वर्तुळं. मग नऊशेनंतर भूमितीय नक्षी, नागमोडी पट्टे, भांडं काठोकाठ भरलेलं. सुमारे ७५० चा अथेन्सच्या डिपिलॉन दरवाजाजवळचा रांजण १.५५ मीटर उंच आहे. एका स्त्रीच्या थडग्यावर तो खूण म्हणून उभा होता. त्यावर मध्यभागी तिरडीवर निजवलेली ती आणि दोन्ही बाजूंना डोक्यावर हात घेऊन शोक करणारी माणसं आहेत. सातव्या शतकात कोरिंथच्या भांड्यांवर पूर्वेकडचे सिंह आणि स्फिंक्स (सिंहाचं धड, माणसाचं डोकं) येतात. मग लाल मातीवर काळ्या आकृती, आणि ५२५ च्या आसपास अथेन्समध्ये उलट, काळ्यावर लाल. आठवडाभर रोज थोडी भांडी पाहिलीत तर अनोळखी तुकड्याचं शतक सांगता येऊ लागतं, आणि तो आनंद काही औरच.

पायरी ९: नवी अक्षरं, मग होमर

सुमारे ८०० मध्ये ग्रीकांनी फिनिशियन (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या) व्यापाऱ्यांची लिपी घेतली. त्यात फक्त व्यंजनं होती. ग्रीकला न लागणारी चिन्हं त्यांनी स्वरांसाठी वापरली. जुन्या लिपीत मेंढ्या मोजल्या जात, नव्या लिपीतले अगदी सुरुवातीचे लेख मात्र नाच आणि मद्य यांबद्दल आहेत. अथेन्सच्या डिपिलॉनजवळच्या सुरईवर (सुमारे ७४०) सर्वांत हलक्या पावलांनी नाचणाऱ्याचा उल्लेख आहे. इटलीजवळच्या पिथेकूसाईला मिळालेल्या एका प्याल्यावर, यातून जो पिईल त्याला प्रेमदेवता ॲफ्रोडाइटीची ओढ लागेल, अशा अर्थाच्या ओळी आहेत. त्यात होमरच्या काव्यातल्या नेस्टर या म्हाताऱ्या राजाच्या प्याल्याचं नाव येतं.

‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ वाचायची ती या टप्प्यावर, पहिल्या दिवशी नव्हे. ती काव्यं पिढ्यान्‌पिढ्या तोंडी गात आली आणि आठव्या-सातव्या शतकात आजच्या रूपाला आली. त्यामुळे त्यांत काळांची सरमिसळ आहे. ‘इलियड’मधलं रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण खरोखरच मायसीनी काळच्या थडग्यांत सापडतं. पण त्या काव्यातले वीर जाळले जातात, आणि मायसीनी सरदार तर पुरले जात. वाचताना समासात अशा खुणा करत जा.

पायरी १०: नगरराज्यं, ४८० पर्यंत

इथून पुढे वाट रुंद आहे, पुस्तकंही मुबलक. ग्रीकांनी सिसिली, इटली, काळा समुद्र, लिबियात वसाहती केल्या. सिराक्यूज सुमारे ७३३, मार्सेय सुमारे ६००. क्रीटमधल्या ड्रेरोस गावी सुमारे ६५० चा दगडात कोरलेला कायदा मिळाला आहे: एकदा प्रमुख अधिकारी झालेल्याला दहा वर्षं पुन्हा ते पद नाही. मला हा छोटासा दगड पार्थेनॉनइतकाच मोलाचा वाटतो. सत्तेला मुदत घालावी लागते हे एका लहानशा गावाने लिहून ठेवलं. अथेन्समध्ये ५९४ ला सोलोनने कर्जापायी गुलाम होणं बंद केलं आणि ५०८ ला क्लाइस्थेनीसने नागरिकांची दहा नव्या गटांत विभागणी करून लोकशाहीचा पाया घातला. बायका, गुलाम आणि परके त्याच्या बाहेर होते, हेही त्याच पानावर लिहा.

प्रत्यक्ष जाणार असाल तर

अथेन्सला राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाला पूर्ण दिवस द्या. मुखवटे, लिनिअर बीच्या पाट्या, डिपिलॉनचा रांजण आणि आक्रोतिरीची काही चित्रं एकाच छताखाली आहेत. ॲक्रोपोलिस संग्रहालयात इराण्यांनी मोडलेल्या तरुणींच्या मूर्ती पाहा, त्यांवर रंगाचे माग अजून आहेत. मायसीनी अथेन्सहून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, सकाळी लवकर पोचा, कारण गडावर सावली नाही. क्रीटमध्ये इराक्लिओचं संग्रहालय आधी आणि क्नोसोस नंतर ठेवा. मूळ भित्तिचित्रं संग्रहालयात आहेत आणि वाड्यात त्यांच्या प्रती. मूळ तुकडे आधी पाहिलेत तर वाड्यात एव्हान्सची भर ओळखता येते. एक दिवस जास्तीचा असेल तर गुर्नियाला जा.